रिकामी फेरी

मुकुंद देशकरने एका बोटाने साठ माणसं, एक मिक्सर, पाण्याचे दोन टँकर आणि चाळीस किलो वांगी एका सकाळीत निकामी केली. बोट उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. त्या बोटाने त्याने कॉम्प्युटरची एक कळ दाबली होती, आणि तीही पंधरा दिवसांपूर्वी. त्यामुळे शहाऐंशी सालच्या पाच मेला धंतोलीत जे झालं, त्याच्याशी आपला काही संबंध आहे हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

धंतोलीत डॉक्टर शामलाबाई देवपुजारींचा बाळंतपणाचा दवाखाना बांधणं चाललं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा, म्हणजे शेवटचा स्लॅब त्या दिवशी टाकायचा होता. नागपुरात मे महिन्यात स्लॅब टाकायचा तर सूर्याच्या आधी उठावं लागतं. अकरानंतर सळईला हात लावला तर तळहातावर तिचा ठसा उमटतो, आणि ओलं काँक्रीट पसरायच्या आत भाजून निघतं. म्हणून साडेपाचलाच सगळे हजर. खाली मिक्सर, त्याच्या बाजूला वाळू-गिट्टीचे ढीग, आणि मागच्या अंगणात गोवऱ्या रचून त्यांवर कणकेचे रोडगे भाजायची तयारी. स्लॅबच्या दिवशी मालकाने कामावरच्या माणसांना जेवू घालायचं ही रीत. शामलाबाई हौशी. त्यांनी रोडगे आणि वांग्याची भाजी ठरवली होती, आणि वांगी आदल्या दिवशी स्वतः बाजारात जाऊन निवडून आणली होती.

मुकुंद बगलेत कागदाची जाडजूड गुंडाळी धरून उभा होता. गोतमारे कंपनीचा तो इंजिनिअर. वय पंचवीस, चष्मा नवा, आणि या इमारतीवर तो आठ दिवसांनी उगवत होता. तसं असण्याचं कारण कागदाच्या गुंडाळीत होतं, ते पुढे येईलच.

स्लॅब टाकणारी टोळी होती भीमाबाईची. भीमाबाई मुकादम. बेचाळीस वर्षांची, काटक, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर चुंबळ नाही पण मान चुंबळ असल्यासारखी ताठ. नागपुरात तेव्हा बायका घमेली वाहत आणि पुरुष मुकादमकी करत. भीमाबाईने हे उलटं केलं होतं. तिच्या टोळीत चाळीस रेजा, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बाया, आणि वीस गडी, आणि त्या वीस गड्यांपैकी एकाचीही तिच्यापुढे बिडी पेटवायची छाती नव्हती.

तिच्या टोळीची एक पद्धत होती, ती शहरात दुसऱ्या कुणाची नव्हती. मिक्सरमध्ये मूठभर सिमेंटही पडायच्या आधी सगळी टोळी आपापल्या जागी उभी राहायची. मिक्सरपासून लाकडी बल्ल्यांच्या उतरणीवरून, जिन्याच्या वळणांवरून, थेट स्लॅबच्या पार टोकापर्यंत साठ माणसांची साखळी. मग खालून एक रिकामं घमेलं निघायचं. ह्या हातातून त्या हातात, कुणी काही बोलायचं नाही, आणि ते टोकाला जाऊन दुसऱ्या रांगेने परत खाली यायचं. याला म्हणायचे रिकामी फेरी. घमेलं जिथे अडलं तिथे काहीतरी खोट आहे असं समजायचं. पायाखालची फळी हलत असेल, दोन बायांमधलं अंतर जास्त असेल, एखादीला कालपासून ताप असेल आणि तिने सांगितलं नसेल. फेरी अडली की भीमाबाई तिथे जायची, खोट काढायची, आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून. नवे ठेकेदार या प्रकाराला वेळेची नासाडी म्हणत. जुने ठेकेदार घड्याळाकडे बघत आणि गप्प बसत, कारण वीस वर्षांत भीमाबाईचा एक स्लॅब मध्ये थांबला नव्हता. आणि स्लॅब ही अशी गोष्ट आहे की एकदा सुरू केली की मध्ये थांबता येत नाही. अर्धा आज, अर्धा उद्या असं केलं तर जोडातून जन्मभर पाणी गळतं.

त्या सकाळी घमेलं निघालं, तीन मजले चढलं, आणि अगदी वर सुभद्रा नावाच्या रेजाच्या हातात थांबलं. तिला सळयांच्या जाळीवरून पलीकडे जायचं होतं. ती खाली बघत उभी राहिली. भीमाबाई आली, तिनेही खाली पाहिलं. सळ्या बांधलेल्या होत्या, छान होत्या. पण त्यांच्यावर विजेच्या तारांचे पाइप नव्हते आणि पंख्याचे हूक नव्हते. एकही नव्हता.

आता नागपुरात घराला दार नसलं तर एक वेळ चालेल, पण पंख्याचा हूक नसलेल्या खोलीत मे महिन्यात माणूस ठेवणं हा गुन्हा आहे. आणि तो माणूस म्हणजे नुकती बाळंत झालेली बाई. पाइप आणि हूक काँक्रीटच्या आत जातात; ते आधी ठेवले नाहीत तर नंतर स्लॅब फोडण्यावाचून इलाज नाही.

भीमाबाईने घमेलं सुभद्राच्या हातातून घेतलं, उपडं ठेवलं आणि त्यावर बसली. टोळीतल्या माणसाला याचा अर्थ माहीत होता. खालपर्यंत एकेक करत साठ माणसं बसली.

मुकुंद धावत वर आला. वायरमन ताराचंद कुठे आहे, असं त्याने विचारलं. सळ्या बांधणारा रुपराव म्हणाला, रामटेकला, भाचीच्या लग्नाला. कोणाला विचारून गेला, असं मुकुंद जरा चढ्या आवाजात म्हणाला. तेव्हा रुपरावाने शांतपणे सांगितलं, की तुमच्याच कागदाला विचारून. तुमच्या कागदावर त्याचं काम आजपासून तीन दिवस आहे. आज दुपारच्या बसने तो येणार, सामान खाली ठेवून गेलाय.

मुकुंदने गुंडाळी सोडली. कागद जिन्याच्या पायऱ्यांवरून उलगडत एक मजला खाली गेला. त्यावर ताराचंदच्या नावापुढे पाच, सहा, सात मे अशा तीन फुल्या होत्या. आणि दोन हात वर, स्लॅबच्या नावापुढे, पाच मे. दोन्ही एकाच कागदावर, एकाच शाईत. पाइप स्लॅबनंतर. कागदाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. 

तेवढ्यात कंपनीचे मालक चंपतराव गोतमारेंची अँबॅसेडर खाली येऊन थांबली. सोबत शामलाबाई. चंपतराव वर आले तेव्हा साठ माणसं बसलेली, मिक्सर गप्प, आणि भीमाबाई उपड्या घमेल्यावर. त्यांनी ना सळयांची जाळी पाहिली ना कागद पाहिला. मालकाला बसलेला मजूर दिसला की बाकीचं दिसत नाही. एवढा खर्च करून माणसं गोळा केली, डॉक्टरबाईंना शब्द दिला पाच तारखेचा, आणि ही बाई घमेल्यावर बसून राहिली. ते खूप बोलले. शेवटी म्हणाले, की हिची टोळी आजपासून गोतमारेंच्या कुठल्याही कामावर दिसता कामा नये, कामठीची टोळी बोलावतो.

सगळ्यांनी मुकुंदकडे पाहिलं. तो इंजिनिअर होता, त्याने सांगायला हवं होतं. मुकुंदने चष्मा काढून पुसला. तो पुसेपर्यंत चंपतराव खाली उतरले होते.

भीमाबाई उठली, घमेलं सरळ केलं, आणि जाता जाता मुकुंदला एवढंच म्हणाली, "साहेब, तो कागद उचला. पायऱ्यावर कोनी घसरन."

टोळीने रोडगे खाल्ले नाहीत. शामलाबाईंनी हात धरून आग्रह केला, पण भीमाबाईचा नियम होता, स्लॅब टाकल्याशिवाय स्लॅबचं जेवण जेवायचं नाही. चाळीस किलो वांग्यांची भाजी शेवटी धंतोलीच्या फुटपाथवर गेली. धंतोली म्हणजे दवाखान्यांचीच वस्ती, तिथे यवतमाळपासून भंडाऱ्यापर्यंतच्या पेशंटांचे नातेवाईक चादरी अंथरून बसलेले असतात. ते पोटभर जेवले आणि कुणाचं काय पुण्य म्हणून दवाखान्याकडे हात जोडून गेले.

*

कॉम्प्युटरची गोष्ट अशी, की तो कंपनीत जानेवारीत आला. चंपतरावांना मुंबईच्या एका माणसाने सांगितलं होतं, की यात इमारतीची सगळी कामं भरा, म्हणजे इमारत कधी पुरी होणार ते तो सांगतो. चंपतरावांनी त्याच्यासाठी वेगळी खोली केली आणि खोलीला एअर कंडिशनर बसवला. सगळ्या ऑफिसात वाळ्याचे कुलर, खुद्द मालकाच्या केबिनीत कुलर, आणि थंड खोली फक्त कॉम्प्युटरची. चपला बाहेर काढून आत जायचं. एप्रिल लागला तसं ऑफिसातल्या प्रत्येकाचं कॉम्प्युटरवाचून अडू लागलं. पण चावी मुकुंदकडे होती, आणि आता खरं सांगायचं तर इमारतीवर जाण्याऐवजी आठ दिवस तो त्या खोलीत का बसून होता, हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

पण तो नुसता थंडाव्याला बसला नव्हता. त्याचा जीव त्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांत खरोखर गुंतला होता. दवाखान्याची एकशे बारा कामं त्याने भरली होती. कामं भरायची दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे जोडणी. अमुक झालं की तमुक सुरू. सळ्या झाल्या की पाइप, पाइप झाले की स्लॅब. मागचं काम चार दिवस लांबलं की पुढचं आपोआप चार दिवस सरकायचं. मुकुंदला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्याने ऑफिसातल्या चपराशालाही आत बोलावून दाखवलं होतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे खिळा. हा शब्द मुकुंदचाच. एक कळ दाबली, की ते काम एका तारखेला ठोकलं जाई. मग मागे काहीही होवो, ते हलत नसे. चंपतरावांना सरकणारी कामं आवडत नव्हती. पडद्यापुढे खुर्ची ओढून ते म्हणायचे, स्लॅब पाच तारखेला, मी डॉक्टरबाईंना सांगितलंय, तू तसं टाक. मुकुंद टाकायचा. रंगकाम अमुक तारखेला, फरशी तमुक तारखेला. ठोक खिळा. चार्ट कसा स्थिर, आज्ञाधारक दिसायचा.

मग एप्रिलच्या शेवटी रुपरावाचा फोन आला, की सळई उशिरा आली, काम तीन दिवस लांबेल. मुकुंदने इमानाने ते भरलं. सळ्यांचं काम तीन दिवस सरकलं. त्याला जोडलेले पाइप तीन दिवस सरकले. स्लॅबला पाइपची जोडणी होती, पण त्यावर खिळाही होता; दोघांची ओढाताण झाली आणि खिळा जिंकला. स्लॅब जागचा हलला नाही. शेवटच्या रकान्यात कॉम्प्युटरने त्याच्यापुढे वजा तीन असं छापलं. बिचाऱ्याला बोलता येत असतं तर ओरडला असता. त्याच्याकडे ओरडायला तेवढं एकच चिन्ह होतं. मुकुंदने पुस्तक उघडलं, ते इंग्रजीत, झेरॉक्स, आणि नेमकी ती पानं काळी आलेली. त्याने विचार केला. वजा म्हणजे कमी. म्हणजे तीन दिवस कमी लागले. त्याने चंपतरावांना जाऊन सांगितलं, की सळ्या लांबूनही स्लॅबला धक्का नाही, उलट आपण तीन दिवस पुढे आहोत. चंपतरावांनी संत्रा बर्फी मागवली होती.

वजा तीन म्हणजे स्लॅब तीन दिवस आधीच ठोकला गेलाय, हे मुकुंदला पाच मेच्या दुपारी उमगलं; बर्फी तोवर पचली होती.

*

सहा तारखेला सकाळी तो सायकल काढून नंदनवनकडे गेला. भीमाबाईचं घर त्या वस्तीच्या टोकाला. अंगणात तिचा नवरा देवाजी पिंपात पाणी भरत होता. गिरणीतून रिटायर झालेला, बोलका माणूस. बायको कुठे विचारल्यावर तो म्हणाला, की आत आहे, आज तिला स्लॅब नाही म्हणून ती माझ्या घरातल्या चुका काढून राहिली.

मुकुंदने दारातच सांगून टाकलं. चूक माझी होती, काल मी बोललो नाही. हे वाक्य त्याने सायकलवर सबंध रस्ता घोटलं होतं, आणि त्यात आणखी चार ओळी होत्या, पण त्या ऐनवेळी आठवल्या नाहीत.

भीमाबाई म्हणाली, "मले काहून सांगतं गा? मले तं कालच समजलं होतं. ज्याले सांगाचं त्याले सांग."

कालपर्यंत ती त्याला साहेब म्हणत होती. आजपासून तो घरच्या पोरासारखा गा झाला. मुकुंदला आपली बढती झाल्यासारखं वाटलं.

मग त्याने कामाचं विचारलं. चंपतरावांना नुसती चूक सांगून भागणार नव्हतं; पुढे काय, हेही सांगावं लागणार होतं. शामलाबाईंची भाड्याची जागा दसऱ्याला सुटणार होती. दसऱ्याला दवाखाना उघडला नाही तर बाया बाळंतपणाला कुठे जाणार, हा प्रश्न होता. भीमाबाईने चपला घातल्या.

ऑफिसच्या त्या थंड खोलीबाहेर तिने त्या काढल्या. आत आल्यावर पदर अंगाभोवती घेतला आणि म्हणाली, की इथं सिमेंट ठेवलं तर वर्षभर खराब नाही होणार. मुकुंदने जमिनीवर कागद पसरला. तिला वाचता येत होतं, थोडं. छप्पन्न साली ती बारा वर्षांची असताना आईबापाबरोबर उमरेडकडच्या गावाहून पायी नागपूरला आली होती, धर्म घ्यायला. पांढरं लुगडं नेसलेली आई आणि अफाट माणसं, एवढं तिला आठवे. आणि त्यानंतर बापाने केलेली गोष्ट. तो गावाला परत गेलाच नाही. गावातली जुनी कामं आता करायची नाहीत, म्हणाला, शहरात घाम गाळू पण मान वर ठेवून. दिवसा गिट्टी, आणि संध्याकाळी वस्तीतल्या शाळेत पाटी. म्हणून भीमाबाई आकडे वाचू शकत होती आणि सही करत होती. आणि म्हणूनच तिच्या टोळीवर पाण्याचं पिंप एकच असे आणि पेला एकच. हे ती काम ठरवतानाच ठेकेदाराला सांगत असे. ज्याला चालत नाही त्याने दुसरी टोळी पाहावी. वीस वर्षांत बहुतेकांना चालू लागलं होतं, कारण स्लॅब कुणालाही गळका नको असतो.

सबंध नागपूर ती स्लॅबांवरून ओळखायची. रिक्षात बसली की बँक दाखवून सांगायची, हिच्या डोक्यावर मी पावसात उभी होती. शाळा, सिनेमाघर, वसतिगृह. शहराची अशी एक यादी तिच्यापाशी होती, आणि ती कुठल्याही भूमिपूजनाच्या दगडावर लिहिलेली नव्हती.

तर कागदावर तिने बोट ठेवलं. म्हणाली, वाच. मुकुंद एकेक काम वाचू लागला आणि ती प्रत्येकाला एकच गोष्ट विचारू लागली, की हा कोणाच्या हातून घमेलं घेते आणि कोणाच्या हाती देते? मुकुंदला हे पुस्तकाच्या चाळीस काळ्या पानांपेक्षा लवकर समजलं. एकशे बारा कामांची ती रिकामी फेरीच होती. जिथे खिळा आला तिथे घमेलं अडे. मग ती विचारी, हा कोणी ठोकला? हा साहेबांचा शब्द. हा माझा अंदाज. हा साहेबांच्या मेव्हण्याने सांगितला म्हणून. असे एकतीस खिळे निघाले. तिने त्यातले तीन ठेवले. पाऊस सात जूनला येतो, तो कुणाचं ऐकत नाही. स्लॅबला खालून टेकू दिलेल्या बल्ल्या एकवीस दिवसांच्या आत काढायच्या नाहीत, त्यात माणसाचा जीव आहे. आणि दसरा, कारण त्या दिवशी डॉक्टरबाईंचं सामान रस्त्यावर येईल. बाकीचे अठ्ठावीस उपट म्हणाली.

मुकुंदने उपटले. शेवटची कळ दाबली. पडद्यावरची हिरवी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी सरकली, सरकत राहिली, आणि शेवटचं काम दसऱ्याच्या पुढे नऊ दिवसांवर जाऊन थांबलं. मुकुंदला घाम फुटला. त्या खोलीत ही गोष्ट पहिल्यांदाच घडली असावी. तो म्हणाला, की आधीचंच बरं होतं, तेव्हा निदान वेळेवर तरी दिसत होतं.

"आधी बी उशीरच होता," भीमाबाई म्हणाली. "फक्त सांगत नोता."

मग दोघांनी नऊ दिवस शोधायला घेतले. फेरी आता उलटी, टोकाकडून मागे. कुणाजवळ घमेलं रिकामं थांबून राहतं ते बघत. रुपराव स्लॅबच्या एका टोकाने सळ्या बांधत जातो, तर ताराचंदने सगळ्या सळ्या होईस्तो लग्नात काहून बसायचं? अर्ध्या झाल्या की तो मागून निघू शकतो. मुकुंदने जोडणी बदलली. आता पुरं झाल्यावर सुरू नव्हे, अर्धं झाल्यावर सुरू. या मजल्यावर ती वेळ गेली होती, पण पुढे प्लास्टर आणि फरशी, दार आणि रंग अशी कितीतरी कामं होती, जी एकमेकांच्या पाठीमागे उगाच हात बांधून उभी होती. खालचे दोन मजले तर मोकळेच होते. तिथलं प्लास्टर वरच्या स्लॅबची वाट पाहत असल्याचं मुकुंदनेच कधीतरी लिहून ठेवलं होतं. का, ते त्यालाही आठवेना. संध्याकाळी पाचला शेवटचं काम दसऱ्याच्या दोन दिवस आधी येऊन थांबलं. ह्यावेळी कुणी ठोकलेलं नव्हतं, आपल्या पायांनी आलेलं होतं.

ज्याला सांगायचं त्याला सांगणं मात्र बाकी होतं.

चंपतराव केबिनीत कुलरपुढे बसले होते. समोर कामठीच्या टोळीचा मुकादम. मुकुंद आत गेला आणि उभ्यानेच म्हणाला, "साहेब, पाच तारखेले पाइप नव्हते, ते माझ्या चुकीनं. भीमाबाईनं थांबवलं नसतं तर स्लॅब फोडावा लागला असता." घरी प्रमाण बोलणारा हा पोरगा त्या क्षणी तारखेले कसं म्हणाला, ते त्याला नंतरही उलगडलं नाही.

चंपतराव रागीट होते, पण बेईमान नव्हते. वडिलांबरोबर त्यांनीही लहानपणी विटा मोजल्या होत्या. कामठीच्या मुकादमाला त्यांनी चहा पाजून पाठवलं. मग मुकुंदला म्हणाले, की माझा शब्द होता पाच तारखेचा, तो तू कागदावर ठोकलास, आणि मी तुला ठोकायला लावला. आता भीमाबाईकडे कोण जाणार? मुकुंद म्हणाला, ती बाहेर थंड खोलीत बसली आहे. चंपतराव उठले, दाराशी जाऊन थांबले, आणि सवय नसताना चपला काढून आत गेले. आत काय बोलणं झालं ते मुकुंदने ऐकलं नाही. बाहेर आल्यावर भीमाबाईने एवढंच सांगितलं, की आठ तारखेला, साडेपाचला.

*

आठ तारखेला पाइप होते, हूक होते, आणि ताराचंदने लग्नातला फेटा तीन दिवस झाले तरी काढलेला नव्हता. वांगी पुन्हा चाळीस किलो. साखळी उभी राहिली. भीमाबाईने मुकुंदला वर बोलावलं आणि सुभद्राच्या शेजारी, जिथे त्या दिवशी घमेलं अडलं होतं, तिथे उभं केलं. इंजिनिअर म्हणून नव्हे, साखळीतला एक म्हणून. रिकामी फेरी निघाली. घमेलं तीन मजले चढलं, मुकुंदच्या हातात आलं, पुढे गेलं, टोकाला लागलं आणि खाली परत आलं. कुठेही अडलं नाही. खाली मिक्सरची घरघर सुरू झाली तेव्हा साठ माणसांनी एकदम श्वास सोडल्याचं त्याला ऐकू आलं.

साडेदहाला शेवटचं घमेलं ओतलं. मुकुंदच्या हातांना त्या दिवशी पहिल्यांदा फोड आले, आणि ते तो आठवडाभर ऑफिसात कागद उचलताना सगळ्यांना दिसतील असे धरत होता. टोळी जेवायला बसली. शामलाबाई स्वतः वाढत होत्या. पाण्याचं पिंप एक, पेला एक. चंपतराव आले, त्यांनी त्याच पेल्याने पाणी प्यायलं आणि भीमाबाईच्या शेजारी पंगतीला मांडी घातली.

दसऱ्याला दवाखाना उघडला. भाषणं झाली. आहेर-सत्कार झाले. चंपतरावांनी माइकवर सांगितलं, की या कामात आमच्या कॉम्प्युटरचा मोठा वाटा आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या; कुणा उत्साही माणसाने त्याच्यासाठीही एक हार आणून ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी थंड खोलीत पडद्याला घालण्यात आला. पण माइक सोडण्याआधी चंपतराव थांबले, आणि म्हणाले की या इमारतीचा स्लॅब कधी गळणार नाही, कारण तो ज्या बाईने टाकला ती मागच्या रांगेत बसली आहे. आणि त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं. पांढऱ्या साडीतली भीमाबाई उठली नाही. फक्त मान जरा आणखी ताठ केली. नागपुरातल्या एका इमारतीच्या सोहळ्यात तिचं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं होतं. देवाजी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, की ही माझीच.

कार्यक्रम संपल्यावर मुकुंद गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेला. हातात पेढ्याचा पुडा, आणि बगलेत नव्या कागदाची गुंडाळी. चंपतरावांना रामदासपेठेत वसतिगृहाचं नवं काम मिळालं होतं, पाच मजली. सकाळीच त्यांनी विचारलं होतं, पहिला स्लॅब कोणत्या दिवशी. मुकुंदच्या मनात होतं, की या खेपेला तारीख भीमाबाईनेच द्यावी, ती कागदावर तिच्या नावाने लिहावी, आणि तो तिचा मान व्हावा. त्याने तसं तिला सांगितलं, गुंडाळी तिच्यापुढे धरली, खिशातून पेनही काढलं. म्हणाला, "सांगा भीमाबाई, कोणती तारीख टाकू?"

भीमाबाईने पेढा तोंडात टाकला, गुंडाळीकडे पाहिलं, वर नव्या छताला टांगलेल्या आणि जोरात फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"पयले पाइप टाक."